आगरी-कोळी अस्मिता

आगरी-कोळी अस्मिता म्हणजे महाराष्ट्राच्या उत्तर कोकण किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी या दोन समाजांची स्वतःविषयीची जाणीव व ती व्यक्त करण्याच्या त्यांच्या रीती होत. हे समाज प्रामुख्याने रायगड, ठाणे, पालघर आणि मुंबई परिसरात राहतात. नाव, आडनाव, बोली, पेहराव, कुलदैवत, लग्नविधी, सण आणि व्यवसाय यांतून ही जाणीव पिढ्यानपिढ्या घडत आली. विसाव्या शतकात तिला जंगल सत्याग्रह, शेतकऱ्यांचा संप आणि नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्धचा लढा यांची जोड मिळाली. प्रस्तुत लेखात मुख्यतः उरण व पनवेल तालुक्यांतील, म्हणजे मोरा बंदर, करंजा, जसई, चिरनेर, न्हावा, शेवा, गव्हाण या गावांच्या परिसरातील आत्मओळखीचा विचार केला आहे.

संज्ञा आणि अर्थ

'अस्मिता' हा शब्द संस्कृतातील 'अस्मि' (मी आहे) या क्रियापदापासून बनला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश असे पाच क्लेश सांगितले आहेत. तेथे अस्मिता हा साधकाने ओलांडावयाचा दोष मानला आहे. आधुनिक मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट झाला. 'भाषिक अस्मिता', 'प्रादेशिक अस्मिता' अशा प्रयोगांत तो स्वत्वाची, अभिमानाची आणि जपण्याजोग्या वारशाची जाणीव दर्शवितो. 'आत्मभान' आणि 'स्वत्व' हे त्याचे जवळचे शब्द आहेत. 'ओळख' हा शब्द अधिक व्यवहारातील असून त्यात दुसऱ्याने आपल्याला ओळखणे ही बाजूही येते.

'आगरी' हे नाव 'आगर' या शब्दावरून आले आहे. आगर म्हणजे मिठागर किंवा लागवडीची जमीन. मीठ पिकवणे, खाजणात बांध घालून भातशेती करणे आणि खाडीतील मासेमारी हे आगरी समाजाचे पारंपरिक व्यवसाय होत. कोळी समाजाचा मुख्य व्यवसाय समुद्रातील मासेमारी हा असून किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये सोनकोळी ही प्रमुख शाखा आहे. आगरी व कोळी या परंपरेने दोन स्वतंत्र जाती आहेत. 'आगरी-कोळी' हे जोडनाव सामाईक भूभाग, जवळची बोली, सामाईक दैवते आणि गेल्या काही दशकांतील एकत्रित लढे यांमुळे रूढ झाले. पनवेल-उरण भागात या नावात कराडी आणि भंडारी समाजांचाही समावेश अनेकदा केला जातो.

स्व-ओळखीविषयीचे सिद्धांत

माणसाला 'मी कोण' हे कसे उमगते, याचा विचार मानसशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी केला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये जाणणारा 'मी' आणि जाणला जाणारा 'मी' असा भेद केला. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये 'आरशातील स्व' ही कल्पना मांडली. त्यांच्या मते दुसऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसत असू, या कल्पनेतून माणूस स्वतःविषयीचे मत बनवतो. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी भाषा व इतरांच्या भूमिका वठवणे यांतून 'स्व' घडतो, असे प्रतिपादन केले. एर्व्हिंग गॉफमन यांनी दैनंदिन व्यवहारातील आत्मदर्शनाची तुलना रंगमंचाशी केली. हेन्री ताजफेल यांच्या सामाजिक ओळखीच्या सिद्धांतानुसार आपण ज्या गटात मोडतो त्या गटाची प्रतिष्ठा हा व्यक्तीच्या आत्मसन्मानाचा भाग असतो.

समूहाच्या ओळखीबाबत नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार या परिसराला विशेष लागू पडतो. समूहाची ओळख त्याच्या चालीरीतींच्या यादीत नसून तो शेजाऱ्यांशी जी सीमारेषा आखतो तीत असते, असे बार्थ म्हणतात. चालीरीती बदलल्या तरी सीमा टिकू शकते. तसेच शेजारी बदलला की सीमाही नव्याने आखली जाते. शेजारच्या गावाच्या संदर्भात जो माणूस 'कोळी' किंवा 'आगरी' असतो, तोच नव्याने वसलेल्या शहराच्या संदर्भात 'आगरी-कोळी' व 'भूमिपुत्र' होतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

मोरा हे उरण शहरालगतचे बंदर आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथे लाँचसेवा चालते. ब्रिटिश काळात उरण हा पनवेल तालुक्यात समाविष्ट असलेला पेटा होता. आज उरण स्वतंत्र तालुका आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे करण्यात आले. घारापुरी बेटावर मोराबंदर नावाचे गाव आहे, ते या मोऱ्याहून वेगळे आहे.

मुंबईहून दिसणारा परंतु समुद्राने वेगळा राहिलेला हा भूभाग दीर्घकाळ लाँचच्या वेळापत्रकाशी बांधलेला होता. मासळी, भाजी, विद्यार्थी, गोदीतील व गिरण्यांतील कामगार यांची ये-जा मोरा बंदरातून होत असे. ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लावणे अवघड होते, म्हणून येथील दिनक्रमात घड्याळाइतकेच भरती-ओहोटीलाही महत्त्व राहिले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे (अटल सेतू) उद्घाटन झाले व त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. त्यामुळे बंदर हे या परिसराचे मुख्य प्रवेशद्वार उरले नाही.

ओळख घडविणारे घटक

नाव आणि आडनाव

परिसरातील आडनावांत व्यवसाय, पद आणि मान यांच्या खुणा आहेत. 'तांडेल' म्हणजे होडीचा प्रमुख. 'नाखवा' हा शब्द फारसी 'नाखुदा' या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ होडीचा मालक अथवा कप्तान असा होतो. 'पाटील' आणि 'भगत' ही आडनावे अनुक्रमे गावातील पद व धार्मिक भूमिका दर्शवितात. 'कोळी' हे जातीचे नावच अनेक कुटुंबांचे आडनाव आहे. म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत, कडू ही आडनावेही येथे मोठ्या प्रमाणावर आढळतात. एकाच गावात एकाच आडनावाची अनेक घरे असल्याने केवळ आडनावाने माणूस ओळखता येत नाही. त्यामुळे आजोबांचे नाव, आळी किंवा पाडा, घराची जागा, किंवा एखाद्या पूर्वजाचे टोपणनाव यांनी घर ओळखले जाते.

गावातील वडीलधारा माणूस अनोळखी मुलाला त्याचे नाव विचारण्याऐवजी 'कोनाचा रं तू?' असे विचारतो. या प्रश्नात व्यक्तीची ओळख नात्यात शोधण्याची रीत दिसते. उत्तर बापाचे वा आजाचे नाव घेऊन दिले जाते. समोरच्याची खूण पटली की मग मुलाच्या नावाला महत्त्व येते.

स्त्रियांच्या बाबतीत ही साखळी लग्नाने बदलते. महाराष्ट्रात नावापुढे आधी वडिलांचे व लग्नानंतर पतीचे नाव लावण्याची प्रथा आहे. लग्नात वधूचे नावही बदलण्याची रीत अनेक घरांत होती. मात्र असा बदल कायद्याने बंधनकारक नाही. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले. मासळीबाजारातील कोळीण मात्र बहुधा स्वतःच्या नावाने व स्वतःच्या गिऱ्हाइकांमुळे ओळखली जाते. पुरुषाने मासळी आणायची आणि विक्री व पैशाचा व्यवहार स्त्रीने पाहायचा, या कामाच्या वाटणीमुळे कोळी स्त्रीला बाजारात स्वतंत्र स्थान मिळाले.

बोली

आगरी आणि कोळी या मराठीच्या कोकणी किनाऱ्यावरील बोली परस्परांच्या जवळच्या आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) या बोलींची नोंद आहे. उच्चारांतील ठळक विशेष पुढीलप्रमाणे सांगता येतात.

'ण' ऐवजी 'न': पाणी – पानी, कोण – कोन.
'ळ' ऐवजी 'ल': काळा – काला, डोळा – डोला.
दोन स्वरांमधील 'ड' ऐवजी 'र': घोडा – घोरा, इकडे – इकरं.
शब्दारंभीच्या 'वि', 'वी' मधील 'व' चा लोप: वीस – ईस, विहीर – इहीर.

'मला' ऐवजी 'मना' हे रूप वापरले जाते. वडील 'बापूस', आई 'आयस', मोठा भाऊ 'दादूस' आणि मासळी 'म्हावरा' हे शब्द बोलीची ओळखच बनले आहेत.

प्रमाण मराठीत शिक्षण देणाऱ्या शाळेत हे उच्चार दीर्घकाळ 'अशुद्ध' मानले गेले. वस्तुतः वरील बदल नियमबद्ध असून ते बोलणाऱ्याच्या अज्ञानातून झालेले नाहीत. तरीही 'पानी' म्हणणारे मूल वर्गात हशाला कारण ठरते आणि काही दिवसांतच दोन भाषा बोलू लागते: एक घरची, दुसरी शाळेची. यातून येणारा संकोच हा या परिसरातील आत्मओळखीचा महत्त्वाचा धागा आहे. काही कुटुंबांनी मुलांशी बोलीत बोलणे सोडून दिले. दुसऱ्या बाजूला गाणी, विनोदी कार्यक्रम आणि आंतरजालावरील चित्रफिती यांमुळे तरुणांमध्ये बोलीला नवा मान मिळाला. मात्र गाण्यात किंवा विनोदात बोली वापरणे आणि शेतीचा हिशेब, आजारपण, भांडण व सांत्वन यांसाठी ती वापरणे यांत फरक आहे. बोली टिकली असे म्हणण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा वापर महत्त्वाचा ठरतो.

वेशभूषा

कोळी पुरुषांचा पारंपरिक वेश म्हणजे कमरेला त्रिकोणी घडीचा रुमाल, अंगात बंडी किंवा सदरा आणि डोक्यावर टोपी. होडीवर ओल्या अंगाने काम करण्यास तो सोयीचा होता. स्त्रिया नऊवारी लुगडे काष्टा घालून घट्ट नेसतात. चिखलातून व पाण्यातून चालताना ते अडत नाही. आगरी स्त्रियांचेही लुगडे भाताच्या लावणीला सोयीचे असे नेसलेले असे. हा वेश आता रोजच्या वापरातून जवळजवळ गेला असून हळदी, पालखी, नारळी पौर्णिमा आणि मोर्चे या प्रसंगी दिसतो. कामाचा वेश अशा रीतीने सणाचा, आणि पुढे मागणीचा वेश झाला. मोर्चात पारंपरिक वेशाने येणे म्हणजे 'आम्ही येथले मूळचे' हे विधान शब्दांविना करणे होय.

दैवते, सण आणि विधी

लोणावळ्याजवळील कार्ला येथील एकवीरा देवी ही आगरी व कोळी या दोन्ही समाजांतील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी आहे. चैत्रातील यात्रेला किनाऱ्यावरील गावागावांतून पालख्या जातात. डोंगरावरील देवी आणि समुद्रकाठचे भक्त हे नाते उल्लेखनीय आहे. वर्षभर वेगवेगळ्या गावांत विखुरलेला समाज या यात्रेत एकत्र दिसतो. करंजा येथील द्रोणागिरी देवी हे उरण परिसरातील महत्त्वाचे दैवत आहे. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नारळ अर्पण केला जातो आणि मासेमारीच्या नव्या हंगामाची सुरुवात मानली जाते. शिमगा आणि गौरी-गणपती हे सण नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्यांना गावी आणतात.

आगरी लग्नातील धवलारीण ही परंपरा विशेष लक्षणीय आहे. धवलारीण म्हणजे लग्नविधींच्या प्रत्येक टप्प्यावर 'धवला' गाणारी जाणकार स्त्री. मांडव, हळद, लग्न या साऱ्या प्रसंगांची गीते तिला मुखोद्गत असतात व विधींचा क्रमही तीच सांगते. 'धवळे' या विवाहगीतांची मराठीतील परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या महदंबा या आद्य मराठी कवयित्री समजल्या जातात आणि त्यांची रचना 'धवळे' याच नावाने ओळखली जाते. धवलारिणीचे ज्ञान लिखित नसल्याने ते एका स्त्रीकडून दुसरीकडे ऐकूनच जाते. ध्वनिवर्धक व वाद्यवृंदाच्या हळदीत तिच्या गाण्याला वेळ उरत नाही. वयस्क धवलारीण गेली की तिच्याबरोबर तिच्या गावचा पाठही जातो.

इतिहासातील लढे

चिरनेर जंगल सत्याग्रह

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हे कातकरी समाजातील तरुण होते. शेती करणारे, मासेमारी करणारे आणि जंगलावर जगणारे असे वेगवेगळे समाज या घटनेत एकत्र आले. चिरनेर येथे हुतात्म्यांचे स्मारक असून दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे अभिवादन केले जाते.

चरीचा संप

अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोती पद्धतीविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. या काळात कुळांनी जमिनी कसल्या नाहीत. उपासमार सोसून त्यांनी मोलमजुरी केली, पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याच्या प्रश्नाला पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यासंबंधी विधेयक मांडले. त्याच वर्षी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू झाले. 'कूळ' ही दुसऱ्याच्या दप्तरातील नोंद होती. 'शेतकरी' ही स्वतः घेतलेली ओळख ठरली.

नवी मुंबई व जसईचे आंदोलन

मुंबईवरील भार कमी करण्यासाठी शासनाने १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन केली. ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यात भातशेती, मिठागरे आणि खाजणे होती. जसई येथे जन्मलेले दिनकर बाळू तथा दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी भूसंपादनाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले. ते शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे आमदार व पुढे खासदार होते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जसई व न्हावा-शेवा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या लढ्याचे फलित म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण पुढे अमलात आले. विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा मान्य करणारे हे धोरण भूसंपादनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

विमानतळाचे नामकरण

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी जून २०२१ मध्ये मानवी साखळी व सिडको भवनावर मोर्चा अशी मोठी आंदोलने झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तशी शिफारस करणारा ठराव संमत केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. गावांची नावे क्षेत्र क्रमांकांमागे झाकली गेलेल्या शहरात आपल्या माणसाचे नाव ठळकपणे लागावे, ही आकांक्षा या मागणीमागे होती. जमीन गेल्यानंतर त्या जमिनीवरील नाव हेच मालकीचे अखेरचे चिन्ह ठरते.

कागदोपत्री ओळख

आधुनिक शासनव्यवस्थेत ओळख ही कागदावर सिद्ध करावी लागते. सातबारा उतारा, जातीचा दाखला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, रहिवास, होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना हे कागद या परिसरात व्यक्तीचे स्थान ठरवितात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यात वावरलो त्या पाण्यातही आपण कोण आहोत, हे दाखवणे आवश्यक झाले.

आरक्षणाच्या दृष्टीने महाराष्ट्रात आगरी हे इतर मागास वर्गात, सोनकोळी हे विशेष मागास प्रवर्गात, तर महादेव कोळी, मल्हार कोळी आदी जमाती अनुसूचित जमातींत मोडतात. 'कोळी' हा एकच शब्द वेगवेगळ्या प्रवर्गांत येत असल्याने दाखल्यांच्या पडताळणीत अनेक वाद उद्भवतात. घरात जी ओळख निःसंदिग्ध असते तीच कचेरीत पुराव्याअभावी संशयास्पद ठरू शकते.

'प्रकल्पग्रस्त' ही येथील सर्वांत नवी ओळख आहे. भरपाईचा आधार जमिनीची मालकी हा असल्याने ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांची नोंद झाली. समुद्राचा व खाडीचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो. त्यामुळे मासेमारी करणारे कोळी, मिठागरातील मजूर, भूमिहीन कातकरी आणि विक्रेत्या स्त्रिया या मोजणीबाहेर राहिल्या. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील कोळीवाड्यांच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर व भरावाच्या कामांमुळे भरतीच्या पाण्याचे मार्ग व मासेमारीची ठिकाणे नष्ट झाली, हे त्यात मान्य करण्यात आले. जमीन नसलेल्या माणसाचेही नुकसान होऊ शकते, ही गोष्ट या निर्णयाने कागदावर आली.

गावठाणांचा प्रश्न याच प्रकारचा आहे. शेतजमीन संपादित झाल्यावर वाढत्या कुटुंबांनी गावठाणाच्या हद्दीबाहेर घरे बांधली. शासनाच्या लेखी ती अनधिकृत, तर ग्रामस्थांच्या भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरे' ठरली. एकाच भिंतीला दिलेली ही दोन नावे दोन दृष्टी दाखवतात.

शेजारी समाजांच्या ओळखी

याच किनाऱ्यावरील इतर समाजांनीही नावाच्या आधारे आपली ओळख घडवली. येथील बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पनवेलकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून आलेली आडनावे त्यांनी घेतली. पनवेल येथील त्यांचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ १८४९ मधील आहे. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावरही मराठी भाषा व गावाचे आडनाव त्यांतील अनेकांनी जपले.

पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या उत्तर कोकणातील स्थानिकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. बाहेरून आलेल्या गोवेकर ख्रिस्त्यांपासून आपले स्थानिकत्व वेगळे दाखवणे हा त्यामागील एक हेतू होता. त्यांची मराठी बोली, लुगडे आणि लग्नातील गाणी यांचे कोळी व आगरी परंपरांशी जवळचे नाते आहे. कातकरी समाजाचे नाव खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून आले. तो व्यवसाय गेला तरी नाव राहिले. आगरी, कातकरी, तेली, तांडेल या साऱ्या नावांत कामाची स्मृती आहे.

गाणी, चित्रपट आणि इतरांची नजर

कोळी समाजाची जी प्रतिमा उर्वरित महाराष्ट्राला परिचित आहे ती मोठ्या प्रमाणावर गाण्यांतून आली. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेली आणि लता मंगेशकर व हेमंत कुमार यांनी गायिलेली कोळीगीते घरोघरी पोहोचली. शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हा ठरलेला कार्यक्रम झाला. ही प्रतिमा आनंदी, रंगीत आणि सोन्याने मढलेली असते. तीत वादळ असते, पण कर्ज, डिझेलचा खर्च, घटती मासळी आणि गाळ नसतो. कूली यांच्या भाषेत सांगावयाचे तर, हा आरसा समाजाने आनंदाने स्वीकारला आणि त्यात दिसणारे रूप स्वतःच्या समारंभांतही वापरले. बोलीतील आजची आगरी-कोळी गाणी मात्र समाजातील गायक व वादक स्वतः रचतात. डोंबिवली व नवी मुंबई येथे भरणारे आगरी महोत्सव आणि नेरुळ येथील आगरी-कोळी भवन ही शहरातील आत्मप्रकटीकरणाची स्थाने आहेत.

टीका आणि मतभेद

या अस्मितेविषयी समाजाच्या आतूनही प्रश्न विचारले जातात. भरपाईचा पैसा हळदी-लग्नांच्या थाटात संपतो व शिक्षण, व्यवसाय यांना पुरत नाही, ही टीका समाजातील सुधारक वारंवार करतात. 'भूमिपुत्र' या शब्दात कातकऱ्यांचे व भूमिहीनांचे स्थान कोणते, हा दुसरा प्रश्न आहे. नेतृत्वाच्या व्यासपीठावर स्त्रिया विरळ असतात, हा तिसरा. वारसा हक्काने मिळणाऱ्या भूखंडात बहिणीचा वाटा मान्य करताना अनेक घरांत कटुता आली, ही गोष्टही 'आपली माणसे' या शब्दाची परीक्षा पाहणारी आहे. याउलट अस्मितेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, एकत्र ओळखीशिवाय साडेबारा टक्के मिळालेच नसते. विखुरलेल्या व्यक्तींचे नुकसान शासनाला दिसले नसते.

सद्यस्थिती

उरण–पनवेल परिसरात आज बंदर, विमानतळ, रेल्वे आणि सागरी सेतू यांमुळे लोकवस्ती झपाट्याने वाढत आहे. मूळ रहिवासी आपल्याच गावाभोवती अल्पसंख्य होत आहेत. तरुण पिढी बंदरात, मालवाहतुकीत, कार्यालयांत व व्यवसायात आहे. होडीवरील कामासाठी बाहेरून खलाशी आणले जातात. अशा वेळी आगरी किंवा कोळी असणे हे रोजच्या कामातून आपोआप सिद्ध होत नाही. ते बोलून, नेसून, गाऊन आणि मागून दाखवावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या बोलींच्या दस्तऐवजीकरणाचे काम, विशेषतः धवलारिणींची गीते, मिठागर व होडीशी निगडित शब्दसंपदा आणि भूसंपादनपूर्व गावांच्या आठवणी यांची नोंद, ही जाणकार पिढी हयात असेपर्यंतच शक्य आहे.

हे सुद्धा पहा

आगरी
कोळी
उरण
मोरा बंदर
चिरनेर जंगल सत्याग्रह
चरीचा शेतकरी संप
दि. बा. पाटील
एकवीरा देवी, कार्ला
बेने इस्रायल